परातीतली आमरी

१

लाकूड डेपोच्या ओळीत इंदूचं घर कोणतं, हे कोणाला विचारावं लागत नसे. ज्या घराच्या छपरीत फुलांची परात मांडलेली दिसेल, ते तिचं. इतर बाया छपरीत मिरच्या वाळवत, मोहफुलं पसरत. इंदू फुलं मांडायची, आणि तीही मोगरा-शेवंती नव्हे, तर आमरी. उंच फांदीला धरून, मातीचा कणही न मागता वाढणारी ही जात. गावात तिला बांदा म्हणत आणि जनावराच्या मुरगळलेल्या पायाला तिचा पाला बांधण्यापलीकडे तिची कोणी चौकशी करत नसे. ही वस्तू घरात आणून पितळेच्या परातीत सजवायची असते, हे त्या मुलखात इंदूशिवाय कोणाच्या डोक्यात आलं नसतं.

तिच्याही डोक्यात आपोआप आलेलं नव्हतं. आधीच्या जंगलसाहेबांची बायको विश्रामगृहात अशी फुलं मांडायची. दोन फुलांच्या मध्ये मोकळी जागा सोड, नाहीतर बाजार भरल्यासारखं दिसतं, हे तिनंच इंदूला शिकवलं. देठ उभे राहावेत म्हणून साहेबीणबाईकडे खिळ्यांची लोखंडी चकती होती. इंदूनं तिच्याऐवजी केळीच्या खांबाचे काप वापरले. त्यात देठ घट्ट बसे आणि ओलाही राही. पाण्याला वास येऊ नये म्हणून ती परातीत कोळशाचा खडा टाकायची. साहेबांची बदली झाली, बाई गेल्या, पण इंदूची परात काही सुटली नाही.

सुटणार कशी? लग्न होऊन बारा वर्षं झाली होती आणि पाळण्याची दोरी अजून आढ्याला बांधली गेली नव्हती. नवरा भैयाजी डेपोत कारकून, स्वभावानं गरीब, शब्दानं कधी दुखवणारा नाही. पण बायांच्या तोंडाला कोण हात लावणार? नळावर कोणीतरी हळूच म्हणायचं, इंदूबाईले फुलं जगवता येतात बरं. इंदू हसून घागर उचलायची आणि घरी येऊन परातीतलं पाणी बदलायची. त्या परातीनं तिचे कितीतरी दुपारचे हुंदके ऐकले होते.

आणि पंचावन्न सालच्या पावसाळ्यात तिला दिवस राहिले.

मग डोहाळे लागले. चिंच नाही, कवठ नाही. आलापल्लीकडून बैलगाडीनं येताना वाटेवरच्या एका म्हाताऱ्या मोहाच्या फांदीवर तिनं आमरी पाहिली होती. रोप चांगलं मनगटाएवढ्या बुडाचं, कळ्यांचे तुरे भरलेलं. तेच हवं, असा तिनं ध्यास घेतला. भैयाजीनं आजवर बायकोला एक साधी साडी हौसेनं आणली नव्हती, पण या वेळी गडी हट्टाला पेटला. गरोदर बाईचा डोहाळा अपुरा ठेवू नये, एवढं त्यालाही कळत होतं. लाकूडतोड्यांचा म्होरक्या वारलू याला घेऊन तो त्या झाडाकडे गेला. झाड कोणतं ते पाहून वारलूनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि दूर जाऊन बसला. शेवटी भैयाजीनं स्वतःच कशीबशी फांदी तोडली. येताना वारलू गाडीत बसला नाही. तो सगळी वाट बैलांच्या पुढे चालत आला, आणि काय झालं म्हणून इंदूनं विचारलं तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की झाड जुनं होतं.

या वेळी इंदूनं तुरा कापला नाही. डोहाळ्याच्या वस्तूला कात्री लावावी असं तिला वाटेना. फांदीचा हातभर तुकडा रोपासकट परातीत ठेवला, केळीच्या कापांनी तो पक्का केला आणि मागं नेच्याची पानं लावली. फुलं उमलली तेव्हा ती हरखून गेली. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी आणि मधोमध एक जांभळी जीभ. साहेबीणबाई तिला काहीतरी इंग्रजी नाव सांगायच्या. इंदू आपली जीभच म्हणायची.

२

वैशाखात मुलगी झाली. नळावरच्या बाया पेढे खाऊन गेल्या आणि आतल्या खोलीची खिडकी पोत्यानं बंद झाली. बाहेर जंगल तापून धुरकटलेलं, आणि बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी. ओवा आणि वावडिंगाच्या धुरीनं डोळे चुरचुरायचे. आपल्या लोकांना बाळंतिणीची काळजी घ्यायची म्हटली की तिला आधी भाजून काढावी लागते. पण इंदूची काही तक्रार नव्हती. धुरात, घामात ती लेकीच्या कपाळाकडे पाहत पडायची आणि तिला सगळं गोड लागायचं.

एकच गोष्ट तिनं मागून घेतली. फुलांची परात छपरीतून आत आणवली आणि बाजेशेजारी, हात पोचेल अशी कोपऱ्यात ठेववली. रुखमा सुईणीनं जरा नाक मुरडलं, पण बाळंतिणीचं मन राखलं.

पहिला चीक लेकराला पाजायचा नाही, असा तेव्हा समज होता. रुखमानं तो वाटीत काढायला लावला आणि बजावलं, "बाई, हा पायाखाली नको जाऊ देऊ. चुलीत नको, मुंग्याइले नको. हिरव्या झाडाच्या मुळाशी टाक, म्हणजे दूध तुटत नाई."

तिच्या मनात अंगणातला कडुनिंब होता. पण ती न्हाणीकडे गेली आणि वाटी इंदूच्या हातात राहिली. बाळंतिणीनं अंगणात पाऊल टाकायचं नाही. वाटी सांडली तर? मुंग्या लागल्या तर? शेजारी परात होती. तिच्यात हिरवी पानं होती, मुळं होती, आणि कोणाचा पाय तिथं पडणार नव्हता. इंदूनं हात लांबवून चीक आमरीच्या मुळाशी ओतला. तिला वाटलं, आपण अगदी सांगितल्याप्रमाणे केलं.

त्या रोपाची मुळं मातीतल्या मुळांसारखी नव्हती. जाड, पांढरी, गुबगुबीत, टोकाशी हिरवी, फांदीच्या सालीवर पसरलेली. पाणी पडलं की ती हिरवट व्हायची, हे इंदू जाणून होती. चीक पडला तेव्हा ती पांढरीच राहिली, पण वाटी खाली ठेवेपर्यंत साल कोरडी झाली होती. उन्हाळा आहे, लाकूड तहानलेलं आहे, असं तिच्या मनानं उत्तर दिलं. तिला त्या दिवशी कशाचंही वाईट वाटत नव्हतं.

मग पान्हा असा आला की पोलकं भिजून जायचं. लेक पोटभर पिऊन झोपायची तरी ऊर दुखायचा. जास्तीचं दूध इंदू वाटीत काढायची आणि परातीत ओतायची. एकदा तर हसत म्हणाली, "घे माय, तू बी घे."

खोलीत त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं.

३

दुपारची वेळ होती. रुखमा छपरीत पडली होती, भैयाजी डेपोवर. लेक पाळण्यात झोपली होती आणि इंदूचाही डोळा लागत होता. तेवढ्यात तिला आवाज ऐकू आला. चुक्, चुक्, चुक्.

पाल असेल म्हणून तिनं वर पाहिलं. छपराच्या कवेलूंच्या खाली बांबू काळे पडले होते, पण पाल काही दिसली नाही. आवाज थांबला. तिनं कूस बदलली आणि तो पुन्हा सुरू झाला, या वेळी जरा घाईनं. चुक्, चुक्, चुक्, मग एक छोटा थांबा, एक बारीक उसासा, आणि पुन्हा चुक्, चुक्. इंदू उठून बसली आणि पाळण्यात डोकावली. लेकीचे ओठ मिटलेले होते.

संध्याकाळी तिनं रुखमाकडून आढं झाडून घेतलं. कोपऱ्यात एक पाल निघाली आणि इंदूला मोठा धीर आला. दुसऱ्या दुपारी आवाज आला तेव्हा ती स्वतःला म्हणाली, दुसरी असेल. पण पाल दम घ्यायला थांबत नाही, हे तिला माहीत होतं. आवाज आढ्यातून येत नाही, बाजेशेजारून येतो, हेही माहीत होतं. माहीत असलेल्या सगळ्याच गोष्टी माणूस स्वतःशी बोलत नाही.

परातीतलं पाणी बदलायची तिची सवय बाळंतपणातही सुटली नव्हती. एका सकाळी ती वाकली आणि तिचं लक्ष फुलांकडे गेलं. जिभा पांढऱ्या झाल्या होत्या. तिला वाटलं बुरशी आली. पदराच्या टोकानं तिनं एक जीभ पुसली. पांढरं निघून आलं, खालून जांभळा रंग दिसला. तिनं पदर नाकाशी नेला. तान्ह्या लेकराच्या मानेला येतो तसा आंबूस, दुधाचा वास होता.

दूध ओतताना शिंतोडे उडाले असतील. पण ती मुळाशी ओतायची आणि फुलं तर वीतभर वर होती. मग ती एकेक जीभ पुसत गेली. आपण हे का करतो आहोत, ते तिला कळत नव्हतं. कोणाला दिसू नये एवढंच वाटत होतं.

ती पुसत असतानाच रुखमा लेकीला तेल लावायला बसली. तिनं करंगळीनं लेकीचं तोंड उघडलं आणि उजेडाकडे धरलं. धालेल्या लेकराच्या जिभेवर दुधाचा पांढरा थर असतो, सुईणी तो पाहूनच पोट भरलं की नाही ते ओळखतात. रुखमाच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, हिची जीभ कोरडी काऊन? तू पाजून नाई राह्यली का हिले?"

४

पाजत होती. दिवसातून कितीदा पाजत होती. पण आता लेक ओढायची, ओढायची आणि तोंड सोडून रडायची. सकाळी दगडासारखा भरलेला ऊर दुपारपर्यंत रिकामा व्हायचा, आणि दूध लेकीच्या पोटात तर गेलेलं नसायचं. इंदूनं परातीत दूध ओतणं केव्हाच बंद केलं होतं. ओतायला होतं कुठे?

रुखमानं जे जे माहीत ते सगळं केलं. अळीव झाले, डिंक झाला, शतावरी उकळून झाली. तालुक्याहून कंपाउंडर सायकल हाणत आला आणि बाळंतीण अशक्त आहे असं सांगून लाल औषधाची बाटली देऊन गेला. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं, तर लेकीनं ते ओकून टाकलं. बाराव्या दिवशीचं बारसं पुढं ढकललं. लेकीचं नाव इंदूनं गरोदरपणीच ठरवलं होतं. ते बारशाला सर्वांदेखत घ्यायचं म्हणून तिनं ते भैयाजीच्या कानातही सांगितलं नव्हतं.

फुलं मात्र कोमेजली नाहीत. एव्हाना ती गळायला हवी होती. उलट नवे तुरे आले होते आणि मुळं फांदीवरून उतरून परातीच्या काठापर्यंत आली होती, बाजेच्या बाजूनं. आमरीची मुळं ओलाव्याकडे वळतात, हे साहेबीणबाईनंच सांगितलं होतं. ओलावा परातीत होता, आणि मुळं परातीबाहेर निघाली होती. इंदूनं परात फिरवून ठेवली. दोन दिवसांत मुळं पुन्हा बाजेकडे होती.

चिमूरला भैयाजीचा मोठा भाऊ राहायचा. त्याच्या बायकोचं, कमळावहिनीचं, मूल चार महिन्यांचं होतं आणि तिला दूध भरपूर होतं. भैयाजी एका संध्याकाळी बाजेच्या पायथ्याशी बसला आणि भीत भीत म्हणाला, की तेंदूच्या पानांचे ट्रक चालू आहेत, मन्सूर ड्रायव्हर ओळखीचा आहे, तो वाकडी वाट करून चिमूरला सोडेल. महिनाभर लेक वहिनीपाशी राहिली तर जगेल. इंदू बाळंतीण, तिला या उन्हात एवढा धक्क्याचा प्रवास झेपायचा नाही. तेव्हा तो एकटाच घेऊन जाईल.

इंदूनं त्याच्याकडे पाठ केली. बारा वर्षं! बारा वर्षं नळावर मान खाली घालून उभी राहिलेली बाई, ती आपली लेक दुसरीच्या ऊराशी देईल? उद्या लेक तिलाच आई म्हणेल. आणि आपण कोण? फुलं जगवणारी.

"माह्या लेकरापायी मी मरून जाईन," ती म्हणाली, "पण तिले कोणापाशी देणार नाई."

हा हट्ट आहे, हे तिला समजत होतं. लेकीचे हात काडीसारखे झाले होते, तेही दिसत होतं. रात्रंदिवस ती देवाला एकच मागत होती, की एक दिवस, फक्त एक दिवस हिचं पोट माझ्या दुधानं भरू दे. पण द्यायचं म्हटलं की तिचे हात लेकीभोवती आवळले जायचे. आणि लेक आता रडतही नव्हती. रडायचं थांबल्यावर घरात जी शांतता झाली, तिच्यात तो दुसरा आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागला.

रुखमालाही तो ऐकू येत होता का? इंदूनं विचारलं नाही. पण रुखमा आता दुपारी छपरीत झोपायची सोडून अंगणात निंबाखाली बसायची.

५

शेवटी इंदूनं वारलूला बोलावलं. तो खोलीत आला नाही. छपरीत, दाराच्या बाजूला भिंतीला टेकून बसला, आणि ती आत दाराशी बसली, म्हणजे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. त्या मोहाखाली काय आहे, असं तिनं सरळ विचारलं.

वारलू म्हणाला, "तिथी लेकरं ठेवतेत, बाई."

"कोणाची?"

"आमची. दात यायच्या आंधी जे जातेत, ते. मोठ्या माणसाइले ठेवाची जागा निराळी. लेकरू तान्हं गेलं का मोहाखाली. मोहाच्या मुळाइले दूध रायते म्हनतेत. म्हनजे त्याइले तहान नाई लागत. माहे बी दोन हायेत तिथी."

भीतीच्या आधी तिला त्या माणसाची दया आली. तो त्या दिवशी सगळी वाट बैलांच्या पुढे का चालत आला, ते तिला आता उमगलं.

तिनं हळूच सांगितलं की तिनं आमरीला चीक पाजला. आणि नंतर दूधही. आणि तोंडानं बोलावलंही.

भिंतीपलीकडे वारलूचा श्वास मोठा झालेला तिला ऐकू आला. तो रागावला नाही. तो म्हणाला, फांदी नुसती आणली असती तर ती वाळली असती आणि संपलं असतं. तहानलेल्याला एकदा पाजलं की तो मागायला शिकतो, आणि लेकरू कोणाचंही असो, ज्या बाईनं पाजलं तीच त्याची आई. त्याला यातला दुसरा उपाय ठाऊक नव्हता. फांदी परत नेऊन ठेवा, एवढंच तो सांगू शकला, आणि तेही त्यानं खात्रीनं सांगितलं नाही.

६

भैयाजीला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. बायको फुलं घराबाहेर काढा म्हणते आहे, हेच ऐकून तो उठला. त्याच सकाळी त्यानं परात पोत्यात गुंडाळून वारलूच्या गाडीत ठेवली. उचलताना काठावरची मुळं सारवलेल्या जमिनीला चिकटली होती. ती तुटताना आवाज झाला आणि इंदूनं कान झाकून घेतले. वारलूनं फांदी मोहाच्या बुंध्याशी ठेवली, हात जोडले आणि दोघं परत आले. रिकामी परात रुखमानं राखेनं घासून अंगणात उन्हात उपडी घातली.

कोपऱ्यात जमिनीवर परातीचा गोल डाग राहिला होता. इंदू सारखी त्याच्याकडे बघत होती. दुपार झाली, आवाज आला नाही. संध्याकाळ झाली, तरी नाही. खोलीत फक्त लेकीचा बारीक श्वास होता. इंदूला रडू कोसळलं आणि रुखमानं तिचं डोकं पोटाशी धरून तिला रडू दिलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ऊर जड लागला. तिनं चोळीची गाठ सोडून पाहिलं, थेंब आला. रुखमानं देवापुढं साखर ठेवली. भैयाजीनं मन्सूरला सांगून ठेवलं होतं, तो दुपारी ट्रक घेऊन येणारच होता. पण आता लेकीला पाठवायची वेळ येणार नाही असं इंदूनं खुशीत सांगितलं, आणि भैयाजीही किती दिवसांनी हसला. लेक झोपली होती, तिला उठवू नये असं रुखमाचं म्हणणं पडलं. जागी झाली की आपणच मागेल.

इंदूनं तिला कुशीत घेतलं, पदर ओढला आणि उशीला टेकून वाट पाहत बसली.

७

कधी डोळा लागला ते तिला कळलं नाही. जाग आली ती ओढीनं.

लेक पीत होती! चांगली जोरानं, तालात. मांडीवर तिचं वजन होतं आणि पदराखाली तिचं डोकं हलत होतं. पोत्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर पडली होती. इंदूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. घोट घोट ऐकू येत होते. अशी तर ही पहिल्या दिवशीही प्यायली नव्हती. तिनं पदरावरून हलके हलके थोपटायला सुरुवात केली. नाव ओठांवर आलं, तेवढं तिनं बारशासाठी मागं ठेवलं. बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज झाला. मन्सूरला परत पाठवायला हवं होतं.

"अहो," तिनं हाक मारली, "या ना इकडं. पाहा, पिऊन राह्यली!"

दारात पावलं वाजली. भैयाजी उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे त्याला आतलं नीट दिसत नसावं, तो डोळे बारीक करून बघत होता.

"कोण?" त्यानं विचारलं. "तुहा डोळा लागला होता म्हणून मीच हिले बाहेर घेऊन बसलो निंबाखाली."

त्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली लेक होती. तिचा एक काडीसारखा हात दुपट्याबाहेर लोंबत होता.

इंदूचं थोपटणं थांबलं. पदराखालचं पिणंही थांबलं. एक बारीक उसासा ऐकू आला, आणि पुन्हा चुक्, चुक्, चुक्.

पदर उचलावा असं तिच्या मनात आलं नाही. खाली बघायचं नाही एवढंच तिनं ठरवलं होतं, पण नजर गेलीच. पदराच्या काठाखालून एक बोट बाहेर आलं होतं आणि त्यानं तिचं मंगळसूत्र धरलं होतं. बोट पांढरं, गुबगुबीत होतं आणि टोकाशी हिरवं होतं.

भैयाजी एक पाऊल आत आला. लेक जागी झाली आहे, आता पाज हिले, असं काहीतरी तो म्हणत होता आणि हात पुढं करत होता. इंदूला लेकीचं कपाळ दिसलं. तिचे स्वतःचे दोन्ही हात उठू पाहत होते. तेवढ्यात मांडीवरचं डोकं दुपट्याच्या दिशेनं वळलं आणि मंगळसूत्रावरचं बोट सैल झालं. इंदूनं पदर गच्च आवळला, त्या डोक्याला आपल्या ऊराशी दाबून धरलं आणि जोरानं थोपटायला लागली.

"तिथीच थांबा," ती म्हणाली. "तिले जवळ नका आणू. मन्सूरभाऊ आले न? तिले घेऊन आत्ताच जा. कमळावहिनीपाशी द्या."

भैयाजी चक्रावला. कालपर्यंत तर तू, असं तो म्हणू लागला. मग त्याची नजर पदरावर गेली. पदर हलत होता. त्यानं लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"इंदू, तुह्यापाशी काय हाय?"

"मी आहो इथी. मी बसून आहो तोवर काही होत नाई. तुमी जा. बारसं तिथीच करा. नाव तुमीच ठेवा काहीही, मले सांगू नका. आणि मी बोलावलं तरी तिले इकडं आणू नका."

लेकीचं एकदा तोंड पाहावं म्हणून तिचा जीव तुटत होता. ती भिंतीकडे बघत बसली. भैयाजी उलट्या पावलांनी उंबरा ओलांडून गेला. बाहेर रुखमाचं घाबरं बोलणं ऐकू आलं, मग ट्रकची फळी आपटली आणि इंजिन घरघरलं. आत खोलीत ओव्याचा धूर होता आणि मोहाच्या सालीचा ओला वास होता. मांडीवरचं वजन वाढल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या बाजूनं, पदराखालीच, आणखी काहीतरी हळूहळू वर सरकत होतं.

ट्रक डेपोच्या वळणाला लागला असेल, तेव्हा रडणं ऐकू आलं. कित्येक दिवसांनी लेक रडत होती. मोठ्यानं, हक्कानं, भुकेनं. जगणाऱ्या लेकराचं ते रडणं होतं. इंजिनाच्या आवाजातूनही ते इंदूपर्यंत पोचलं.

ते ऐकताच तिला पान्हा फुटला. आणि पदराखालचे घोट मोठे झाले.